माझे अकरा मोरपंखी टाके

मित्रांनो, आधीच एक सांगून टाकतो. मी क्रिकेटचा चेंडू नाही. सुरतेच्या पांडेसऱ्यात आल्यापासून ज्याने त्याने मला उचलून "सीझन बॉल का रे?" असं विचारलं आहे, आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे. मी एक जुना बेसबॉल आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता दुधाच्या चहासारखा दिसतो. माझ्या अंगावर लाल टाके आहेत आणि त्यांतच अकरा मोरपंखी टाकेही आहेत. ते कसे पडले हे सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की, माझं मलाच हसू येतं. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

माझा जन्म मेरठकडचा. आत बुचाचा गोळा, त्यावर लोकरीचा धागा गच्च गुंडाळलेला, वरून कातड्याचे दोन तुकडे आणि त्यांना जोडणारे एकशे आठ टाके. एका बाईने अंगणात बसून, दोन्ही हातांत दोन सुया धरून मला शिवलं. शेवटचा टाका घातल्यावर तिने मला एकदा गालाला लावून पाहिलं आणि टोपलीत टाकलं. तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

तिथून खोक्यात बसून मी सुरतेला आलो. पांडेसऱ्यातल्या एका मराठी शाळेच्या खेळाच्या सरांनी आम्हा सहा भावंडांना विकत घेतलं. तिथली मुलं क्रिकेटच्या बाळकडूवर वाढलेली. त्यांच्याकडून एक चूक हमखास व्हायची. चेंडू टोलवला की ती जागेवरच उभी राहून बघत बसायची, की धाव निघते की नाही! क्रिकेटमध्ये ते चालतं हो. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात गेला की पळावंच लागतं. सर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे.

त्या मुलांमध्ये धनश्री होती. घर खानदेशचं, वडील मगनराव कापडाच्या रंगाई मिलमध्ये कामाला. ती पिचर होती, म्हणजे चेंडू टाकणारी. काय तिचा हात! मी तिच्या बोटांतून सुटलो की वाराही बाजूला व्हायचा. मुलींच्या संघात तिचे चेंडू झेलायला कोणी धजायचं नाही, म्हणून सरावाला सर मुलांच्या संघातला प्रज्ञेश नावाचा कॅचर द्यायचे. तो समोर उकिडवा बसायचा आणि बोटांनी खुणा करायचा. एक बोट म्हणजे सरळ चेंडू. दोन बोटं म्हणजे वळणारा. मूठ म्हणजे थांब, दम घे. धनश्रीला खूण पटली नाही की ती फक्त मान हलवायची. त्या दोघांना बोलावं लागायचंच नाही.

शेवटच्या शालेय सामन्यात मात्र धनश्रीनेही तीच चूक केली. टोला असा बसला की मी थेट खाडीच्या दिशेने उडालो, आणि ही बया बॅट धरून माझ्याकडे बघत उभी! बाहेरून प्रज्ञेश जिवाच्या आकांताने ओरडला, "पळ, धनू, पळ!" ती पळाली, पण उशीर झाला होता. सामना हातचा गेला. संध्याकाळी त्याने सरांकडून मला मागून घेतलं, माझ्यावर निळ्या पेनाने 'पळ' असं लिहिलं आणि मला तिच्या हातात दिलं. रडता रडता ती हसली. मित्रांनो, मी अनेक झेल पाहिले, पण त्या दिवशी तिने मला जसं धरलं तसं कोणीच धरलं नव्हतं.

मग शाळा संपली. धनश्रीच्या आईने, सरलाबाईंनी, मला माळ्यावर टाकलं. खानदेशातल्या कानबाई देवीच्या पूजेची भांडी, फुटका टेबल-पंखा आणि मी, असा आमचा संसार होता. चार वर्षं मला कोणाचा हात लागला नाही. उंदराने एकदा माझ्या टाक्याला तोंड लावलं आणि एक लाल टोक बाहेर आलं. ते टोक लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याचंच रामायण होणार आहे.

आणि एक दिवस माळ्यावर हात आला! धनश्रीला वस्तीच्या छोट्या रेडिओ केंद्रात निवेदिकेचं काम मिळालं होतं. सूतगोदामाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मधे जाड काच. अलीकडे माइक आणि धनश्री, पलीकडे यंत्रांची बटणं आणि ती सांभाळायला, ओळखा पाहू कोण? प्रज्ञेश! काचेपलीकडून तो पुन्हा बोटांनीच बोलू लागला. एक बोट म्हणजे सरळ बोलत राहा. दोन बोटं म्हणजे विषय वळव. मूठ म्हणजे थांब, गाणं लावतो. मला तिच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलं होतं, पण माझा थाट राजाचा होता.

रोज सकाळी दहा वाजता धनश्रीचा 'मनमोकळं' कार्यक्रम लागायचा. पलसाण्यापासून कामरेजपर्यंत आपली माणसं मोबाइलवर ऐकायची. ती सासूवर बोलायची, पगारावर बोलायची, प्रेमावर बोलायची, आणि कुठूनही निघाली तरी बेसबॉलवर येऊन पोचायची. तिचं एक वाक्य तर रिक्षावाल्यांनाही पाठ झालं होतं: "मंडळी, बॉल लागला की उभं राहायचं नाही, पळायचं!" ते म्हणताना ती माझ्यावर थाप मारायची. मी फुगून दुप्पट व्हायचो.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! प्रज्ञेशने तिला लग्नाचं विचारून महिना झाला होता आणि ती जागची हलली नव्हती. त्याची गल्ली बुद्धविहाराची, तिची कानबाईची. मधे एकच रस्ता, पण बोलणारी तोंडं शंभर. मगनराव म्हणायचे, घरात सरला म्हणेल ते. आणि सरलाबाईंना विचारायची धनश्रीची छाती होत नव्हती. प्रज्ञेशला वडोदऱ्याच्या मोठ्या केंद्रात नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"मी पुन्हा विचारणार नाही, धनू," तो म्हणाला होता. "तुझ्यावर जबरदस्ती नको. पण सोमवारच्या आत सांग. नाही म्हणालीस तरी चालेल, फक्त सांग."

त्यानंतर ती रोज मला हातात फिरवत बसायची आणि काहीच सांगायची नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी शनिवार उजाडला. त्या आठवड्यात वस्तीतल्या कष्टकरी हातांवर कार्यक्रम चालू होता, आणि त्या दिवशीची पाहुणी होती खुद्द सरलाबाई! त्या घरी बसून साड्यांचं धागा-कटिंग करायच्या. भरतकाम झालेल्या साडीवर लोंबणारे धागे कापून साडी साफ करायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. गळ्यात दोरीला छोटी कातरी, ब्लाउजला खोचलेली सुई आणि पिशवीत अर्धवट राहिलेली साडी, अशा थाटात त्या माइकसमोर बसल्या. लाल दिवा लागला. प्रज्ञेशने एक बोट दाखवलं.

"आई, इतकी वर्षं हेच काम करतेस, कंटाळा नाही येत?" धनश्रीने विचारलं.

"कंटाळा काब्र येई?" सरलाबाई म्हणाल्या. काब्र म्हणजे का, एवढी अहिराणी मी त्या घरात शिकलो होतो. "डोया धागावर आनि कान तुना रेडिओवर. दिन कवय जास समजत नही."

आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या लाल टोकावर! मित्रांनो, कटिंगवालीला लोंबता धागा दिसला की तिचा हात तिला विचारत नाही. लग्नात नवरीच्या पदराचा धागासुद्धा त्यांनी भर मांडवात कापला होता.

"हाऊ दोरा कसा लोंबी राहिना!" असं म्हणून त्यांनी मला उचललं, कच्चकन कातरी चालवली आणि सवयीने उरलेला धागा ओढून काढला.

टचटचटच! माझा एकेक टाका सुटत गेला. कातडं उघडलं, आतली लोकर बाहेर डोकावली. मला वाटलं, संपलो!

"आई!" धनश्री किंचाळली. "अगं, तो प्रज्ञेशने दिलेला बॉल आहे! शाळेपासून माझा जीव आहे त्याच्यात!"

लाल दिवा चालूच होता. पलसाण्यापासून कामरेजपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. काचेपलीकडे प्रज्ञेशचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने झटकन मूठ वर केली. थांब, गाणं लावतो.

धनश्रीने त्या मुठीकडे पाहिलं. आणि तिने मान हलवली! तीच जुनी मान, मैदानातली! मी फाटलेला होतो, पण आनंदाने ओरडावंसं वाटलं. प्रज्ञेशने क्षणभर डोळे मिटले. मग मूठ उघडली आणि एक बोट वर केलं. सरळ चेंडू.

"आई," धनश्री म्हणाली. "मला प्रज्ञेशशी लग्न करायचंय. तो सोमवारी वडोदऱ्याला चाललाय. त्याने विचारलंय आणि मी अजून उत्तर दिलं नाही. तुला घाबरले. लोकांना घाबरले."

सरलाबाईंनी मला मांडीवर घेतलं. त्यांनी ब्लाउजची सुई काढली. पिशवीतल्या साडीसोबत आलेली धाग्याची रीळ काढली, मोरपंखी रंगाची. सुईत धागा ओवला. तेवढ्या वेळात माझं अर्धं आयुष्य संपलं असं मला वाटलं.

"हाई काय लिखेल शे?" त्यांनी माझ्यावरच्या पुसट निळ्या डागावर बोट ठेवून विचारलं. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"पळ, असं लिहिलंय," धनश्री हळूच म्हणाली. "त्याने लिहिलं होतं."

सरलाबाईंनी वर पाहिलं. "मी रोज ऐकस तुनं बोलनं. सारा गावले सांगस, बॉल लागना का उभं ऱ्हावानं नही, पयानं. मंग तू काब्र उभी शे?"

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! धनश्री खुर्ची पाडून उठली. दोन खोल्यांच्या मधे जेमतेम पाच पावलं होती, पण शपथेवर सांगतो, इतक्या वेगाने ती कोणत्याही बेसकडे धावली नव्हती. दार उघडून ती म्हणाली, "हो!" बास, एवढंच. प्रज्ञेशला हसावं की रडावं ते कळेना, त्याने दोन्ही केलं. टेलिफोनचे दिवे लुकलुकू लागले. पहिला फोन पलसाण्याच्या एका मिलमधल्या हिलालभाऊंचा. "ओ बेन, गाणं लावू नका हां! आमची अख्खी पाळी थांबलीय, पुढं काय झालं ते बोला!"

"पुढे शिवनं शे," सरलाबाईंनीच माइकवर उत्तर दिलं आणि काचेकडे हात केला. "ये रे भाऊ आठे. धर हाऊ बॉल घट्ट."

"मावशी, तुम्हाला राग नाही ना आला?" प्रज्ञेशने मला दोन्ही हातांत धरून विचारलं.

"उना ना," सरलाबाई म्हणाल्या. "इतला वरीस माले सांगं नही, याना राग उना. लोकेस्नं मी दखी लिसू. तू हालू नको, सुई लागी." राग आला तो न सांगण्याचा, आणि लोकांचं त्या बघून घेणार होत्या! त्यांनी एकामागून एक अकरा टाके घातले, धागा दाताने तोडला आणि मला गालाला लावून पाहिलं. मला एकदम मेरठची ती बाई आठवली.

प्रज्ञेश सोमवारी वडोदऱ्याला गेला. बसच्या खिडकीशी धनश्री होती, तिच्या हातात मी होतो, आणि या वेळी कोणीच रडलं नाही. लग्न दिवाळीनंतर आहे. दर रविवारी तो येतो, आणि वस्तीच्या मुलींना घेऊन दोघं मैदानात उतरतात. मी मोरपंखी बाजूला जरा जास्तच वळतो, पण त्याला इलाज नाही.

मित्रांनो, मला माळ्यावर टाकू नका आणि काचेच्या कपाटातही ठेवू नका. मला फेका, टोलवा, मळवा. फक्त माझा धागा सुटलेला दिसला तर लगेच कातरी उचलू नका. आधी बघा, त्याने आत काय धरून ठेवलं आहे. आणि हे वाचताना तुम्हालाही कोणाला काही सांगायचं राहिलेलं आठवलं असेल, तर माझ्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. मग अजून उभे काब्र?