जुनीच म्हणून दिलेली चाल

मित्रांनो, मी जुना अकॉर्डियन आहे. किती जुना, ते माझा भाता उघडला की वासावरूनच कळायचं. फिनलंडमधल्या एका छोट्या कारखान्यात मला घडवलं. पुठ्ठ्याला घड्या घालून भाता केला, पोलादी सूर घासून घासून जुळवले, आणि शेवटी कारागिराने मला छातीशी धरून सावकाश उघडलं. तो माझा पहिला श्वास.

तौनोने मला घेतलं तेव्हा तो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. पुढे गिरणी सोडून तो माझ्यावरच घर चालवू लागला. उन्हाळाभर आम्ही तळ्याकाठच्या नाचघरांत असायचो. लोक नाचून दमले की येऊन मला थोपटायचे. "आवाज आहे बुवा याला," म्हणायचे. हिवाळ्यात तौनो खिडकीत बसून बर्फ बघायचा. उन्हाळ्याची कमाई उन्हाळ्यातच संपलेली असायची.

म्हणून त्याची बायको लेम्पी त्याला आयराकडे घेऊन गेली. आयरा शाळेत तौनोच्याच वर्गात होती. शहरात बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती, आणि वादक, नट, जादूगार असल्या लोकांना ती पैशाच्या व्यवहाराचा सल्ला द्यायची. मला तिने वेगळी खुर्ची दिली. तेवढा मान मला नंतर कुणी दिला नाही.

"करारावर सही झाल्याशिवाय वाजवायचं नाही," ती म्हणाली. "पैसे आले की कराचा वाटा आधी बाजूला काढायचा. आणि स्वतः बांधलेली चाल स्वतःच्या नावावर नोंदवायची, म्हणजे ती कुठेही वाजली तरी पैसे तुला. बोटं थकतील रे, चाल थकत नाही. म्हातारपणी तीच घास देईल."

"मी कुठे चाली बांधतो?" तौनो म्हणाला.

लेम्पी कपातल्या कॉफीकडे बघत राहिली.

आमच्याकडच्या वादकांची ही रीतच आहे. स्वतःची चाल वाजवायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, जुनी आहे, कुणाची कोण जाणे. 'माझी' म्हणणारा माणूस शेखी मिरवणारा ठरतो. लेम्पी आजारी होऊन इस्पितळात होती तेव्हा तौनोने अशीच एक चाल सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून बांधली. मधेच अडायचा, मला बाजूला ठेवून लाकडं फोडायचा, घाम पुसून परत मला उचलायचा. लेम्पी घरी आल्यावर त्याने ती वाजवून दाखवली. तिलासुद्धा म्हणाला, "जुनीच आहे." ती हसली. नवऱ्याला ओळखत होती.

मग राजधानीतून रिस्तो नावाचा संगीतकार गावोगाव चाली गोळा करत आला. ही चाल ऐकून त्याने वही उघडली.

"कुणाची आहे?"

"जुनी आहे. म्हातारे वाजवायचे."

"तुमची तर नाही ना? असेल तर सांगा, नाव घालतो."

"छे, माझी कुठली."

रिस्तोला मी चोर म्हणणार नाही. त्याने दोनदा विचारलं होतं. त्याने व्हायोलिनांचा ताफा घालून ती सजवली आणि लोकसंगीतातली चाल, मांडणी आपली, अशी नोंदवली. चाल रेडिओवर गेली, सिनेमात गेली, शेवटी कॉफीच्या जाहिरातीत गेली. गावच्या रेडिओने तौनोला बोलावलं, तेव्हा तिथेही तो तेच म्हणाला. घरी येताना मात्र मोटारीत गुणगुणत होता.

नंतर त्याचा खांदा गेला. मला उचलणं बंद झालं. कमाई थांबली, घराचे हप्ते तुंबले, बँकेने घर विकायची तयारी केली. लेम्पीने पुन्हा आयराचं दार गाठलं.

"चाल तुझी आहे असं लिहून दे, तौनो. मी भांडते," आयरा म्हणाली.

"गाव काय म्हणेल? इतकी वर्षं खोटं बोलत होता म्हणून?"

"गाव तुझं घर वाचवणार आहे का?" लेम्पीने विचारलं.

"नाही. स्वस्तात पडलं तर घेईल."

शेवटी त्याने सही केली. चालींची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून उत्तर आलं, ते त्याच्याच शब्दांत. रेडिओवरच्या मुलाखतीतलं त्याचं "जुनी आहे" हे वाक्य त्यांनी उतरवून पाठवलं होतं. चाल बांधताना कुणी पाहिलं का, असंही विचारलं होतं. पाहिलं होतं ना, मी. पण माझी साक्ष कोण काढणार?

आयराने कागद मिटला. "कराचं ऐकतात, विम्याचं ऐकतात. एवढं एक ऐकत नाहीत मेले." तिने फी घेतली नाही. तौनोला ते जास्त लागलं.

घर गेलं. मीही गेलो, बंदरावरच्या एका खानावळीत. शोभेसाठी त्यांनी माझा भाता अर्धा उघडून खिळ्यांनी भिंतीला ठोकला. आता श्वास घेता येत नाही.

एकदा तौनो आणि लेम्पी तिथे जेवायला आले. वर बघायचं त्यांनी टाळलं. तेवढ्यात रेडिओवर ती चाल लागली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "किती गोड आहे. कुणाची हो ही?"

लेम्पीने हातातला चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

तौनो माशाच्या सूपमध्ये काळा पाव बुडवत म्हणाला, "रिस्तोची."

मित्रांनो, नम्र असावं, नाही कशाला म्हणू? पण तुम्ही चित्र काढाल, गाणं रचाल, तेव्हा त्याखाली आपलं नाव लिहा. कुणी हसलं तर हसू द्या. लाज वाटली तर कान लाल होऊ द्या, पण लिहा. आणि तुमच्यासाठी घसा कोरडा करणारी एखादी आयरा भेटली, तर तिचं पहिल्याच भेटीत ऐका.