कुजबुजीची टाकी

"तोंड भिंतीजवळ न्या. आणखी जवळ. चाटायची नाहीये, नुसतं बोलायचंय," असं म्हणत दारवान पुटपुट्यांनी रेनकोटातल्या पाहुण्याला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं. "आता काहीही बोला. अगदी हळू. शेजारी उभ्या बायकोला कळणार नाही, इतकं हळू."

जमलेली माणसं हसली. टाकीच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर समोर, टाकी दाखवणाऱ्या बाई भिंतीला कान लावून उभ्या होत्या. मध्ये सोळा पावलांचं अंतर. पुटपुटे खांद्याशी चिकटून उभे असताना पाहुणा भिंतीशी काहीतरी कुजबुजला. बाईंनी पुटपुट्यांकडे एक नजर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "‘माझे मोजेसुद्धा भिजलेत!’ काय, बरोबर ना?"

पाहुणा गर्रकन वळला. टाळ्या पडल्या. बाईंना त्या दिसल्या.

ही शहराची जुनी पाण्याची टाकी. गोल, जमिनीखाली बावीस पायऱ्या, कधीच कोरडी पडलेली. भिंत इतकी गुळगुळीत, की एका टोकाला कुजबुजलेला शब्द भिंतीच्या कडेकडेने फिरून दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोचतो. एरवी इकडे कोणी फिरकत नाही. पण एकदा पावसाने धरलं, बोटी बंद झाल्या, बागा ओस पडल्या, की शहरातलं प्रत्येक हॉटेल आपल्या पाहुण्यांना एकच सल्ला देतं: टाकी बघून या. पाणी चुकवायला माणसं पाण्याच्या टाकीत उतरतात, याचं बाईंना सव्वीस वर्षांत हसू यायचं थांबलं नव्हतं.

त्यांना एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नव्हती. काहीही बोला म्हटलं, की माणूस काय बोलतो? याची बाईंना भारी उत्सुकता. बहुतेक जण ‘ऐकू येतंय का’ म्हणून मोकळे होतात. लहान मुलं ‘शी’ किंवा ‘शू’ म्हणून पळून जातात. पण शंभरातला एखादा थांबतो, श्वास घेतो आणि कोणालाच न सांगितलेलं भिंतीला सांगून टाकतो. एकदा एका टाय लावलेल्या गृहस्थाने सांगितलं होतं, ‘नोकरी गेली माझी. घरी माहीत नाही.’ बाईंनी मोठ्याने जाहीर केलं, "हे म्हणतायत, पाऊस छान आहे." जाताना त्या गृहस्थाने बाईंपुढे थांबून मान लववली. अशी माणसं बाईंच्या मनात मुक्कामाला असत. स्वतःच्या घरात धाकट्या बहिणीखेरीज कोणी नव्हतं, पण त्यांना एकटं म्हणून कधी वाटलं नाही.

आणि मग कान गेले. आधी डावा, त्याच्या मागोमाग उजवाही. समोरासमोर मोठ्याने बोललेलं कळायचं. कुजबुज पार बंद. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावून त्या टाकीत उतरल्या, तर पन्नास माणसांच्या चपलांचा असा गलका उठला, की त्यांनी ते काढून घरच्या कपाटात ठेवलं आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भिंत सुटली असती. निवृत्तीला अजून तीन-चार वर्षं होती, ती कुठल्यातरी खोलीत फायलींच्या सोबतीने काढावी लागली असती.

पण नशीब बलवत्तर. नेमकी त्याच सुमारास दारवानाला एक खोड लागली. दुसऱ्याचं बोलणं ऐकलं, की त्याचे ओठ आपोआप तेच शब्द घोळवत. तोंड भलं मोठं उघडून, सावकाश. कोणाला असते पाय हलवायची सवय, तशी याला ही. बाईंनी त्यांचं नावच पुटपुटे ठेवलं. ते इतकं चिकटलं, की पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालू लागलं. त्याआधी थोडेच दिवस पुटपुट्यांनी आपली भरघोस मिशी काढली होती. त्यावरूनही बाईंनी त्यांना सोडलं नव्हतं. "मिशी गेली आणि तोंडाची कडी निघाली बघा तुमच्या," असं त्या चारचौघांत म्हणत. पुटपुटे कधी उलटून बोलले नाहीत. आणि बाई मनातल्या मनात त्या खोडीचे हजार वेळा आभार मानून दोन वर्षं त्यांच्या ओठांवर आपलं काम भागवत होत्या.

साडेदहाच्या सुमारास पायऱ्यांवर टाकीच्या व्यवस्थापक मॅडम उभ्या राहिल्या. मॅडम वाईट नव्हत्या, नवीन होत्या. जागेवर येऊन महिनाही झाला नव्हता.

"वर छत्र्यांचा नुसता गोंधळ उडालाय," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांवर पाणी, कोणाची छत्री कोण नेतंय पत्ता नाही. तुम्ही वर या आणि छत्र्यांचं बघा. इथे बाई आहेत ना."

पुटपुट्यांनी बाईंकडे पाहिलं. "मॅडम, इथे माणूस लागतो. लोक भलतीकडे तोंड करून बोलतात."

"त्यात काय, बाई सांगतील. चला."

पुटपुटे पायऱ्या चढून गेले. पुढचा पाहुणा कोणीतरी मास्तर असावा. खिशाला दोन पेनं, चेहरा परीक्षा घ्यायला आल्यासारखा. तो भिंतीकडे तोंड करून बोलला. बाईंना त्याची पाठ दिसत होती. पाठीवरून काय कळणार?

"‘ऐकू येतंय का?’" बाईंनी ठोकून दिलं.

"चूक," मास्तर म्हणाला. "मी सतराचा पाढा म्हटला."

हशा पिकला. बाईही हसल्या. पाढा म्हणायला कोणी टाकीत उतरतं का, म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण पुढची मुलगी ‘आजी’ म्हणाली होती, ते बाईंनी ‘शी’ केलं. त्याच्या पुढच्याला तर ‘पाऊस छान आहे’ असं सांगितलं, तर तो नुसताच बघत राहिला. डबा खायची वेळ झाली तेव्हा मॅडम पुन्हा खाली आल्या आणि बाईंना बाजूला घेऊन, नीट समोर उभं राहून म्हणाल्या, "बाई, दोन तक्रारी आल्यात. दुपारी मी स्वतः उभी राहते इथे. मला बघू दे."

बाईंनी डबा उघडलाच नाही. पुटपुट्यांना कसंही करून खाली आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ‘लोक भिंत घाण करतात’ म्हणावं, की ‘मला चक्कर येतेय’ म्हणावं, अशी जुळवाजुळव करत त्या बावीस पायऱ्या चढल्या.

वर दाराशी पुटपुटे लाकडी घोड्यावर छत्र्या टांगत होते. माणूस आला, की त्याची छत्री घ्यायची आणि हातात पत्र्याचा बिल्ला द्यायचा. एक पाहुणी त्यांना काहीतरी लांबलचक सांगत होती; तिची छत्री नवी होती, तिची दांडी कशी, काड्या कशा. पुटपुटे ऐकत होते. मान डोलावत होते. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

त्यांचे ओठ मिटलेले होते.

मग एक म्हातारा आला, मग तीन पोरी किलबिलत आल्या. एक पोरगी तर त्यांच्या कानाशी येऊन काही बोलली. पुटपुटे हसले, तिला बिल्ला दिला. ओठ जागचे हलले नाहीत. बाईंनी चांगली दहा माणसं होईपर्यंत वाट पाहिली. खोड असती तर एव्हाना एकदा तरी निसटली असती ना? आणि अचानक त्यांना ती मिशी आठवली. झुपकेदार, वरचा ओठ पुरता झाकणारी, ज्या मिशीवर पुटपुट्यांनी वीस वर्षं तेल आणि अभिमान खर्च केला होता ती मिशी. बाईंना एकदम रडू आलं. त्यांनी ते पदराने पुसलं, आणि स्वतःचाच इतका राग आला की रडू थांबलं.

"पुटपुटे," त्या जवळ जाऊन म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

पुटपुट्यांनी हातातली छत्री झटकली. ‘काय माहीत आहे’ असं त्यांनी विचारलं नाही.

"त्या शाळेच्या सहलीपासून," ते बाईंसमोर तोंड आणून म्हणाले. "एक पोरगं ओरडलं, ‘बाई, मागे पाल आहे!’ तुम्ही म्हणालात, ‘छान आवाज आहे तुझा.’ पाल तुमच्या खांद्यावर होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माझी आई दहा वर्षं अशीच होती. तिला विचारलं की चिडायची. ओठ हलवले की जेवायची." त्यांनी छत्री घोड्यावर टांगली. "छत्र्या दहा मिनिटं कोणीतरी सांभाळेल. येतो मी खाली. मॅडम तुमच्याकडे बघतील, माझ्याकडे कोण बघतंय?"

हेच मागायला तर बाई आल्या होत्या. पण आता त्यांच्याने हो म्हणवेना. दोन वर्षं या माणसाला चारचौघांत टपल्या मारल्या, आणि आता त्याच्या नोकरीवरही गदा आणायची?

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही छत्र्याच बघा."

दुपारी टाकी गच्च भरली होती. मॅडम हाताची घडी घालून मधोमध उभ्या होत्या. पहिला पाहुणा एक उंच, पन्नाशी उलटलेला गृहस्थ होता, सोबत त्याची बायको. दोघं सकाळपासून एकमेकांशी न बोलता फिरत असावेत, असे चेहरे. गृहस्थ भिंतीकडे वळणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

"जरा थांबा. मॅडम, मला कुजबुज ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी अंदाजाने सांगत होते."

टाकीत मोठ्याने बोललेलं चार वेळा घुमतं. बाईंचं ते वाक्य सगळ्यांना चारदा ऐकू आलं, खुद्द बाईंना एकदाच.

"अंदाजाने?" मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं? आणि बरोबर यायचं?"

तेवढ्यात पायऱ्यांवरून पुटपुटे उतरले, दोन्ही काखांत छत्र्या, पाणी ठिबकतंय. "अंदाजाने कसलं, मॅडम. मी सांगायचो त्यांना, तोंड हलवून. दोघांचं मिळून होतं ते."

"तुम्हाला कोणी बोलावलं खाली?" बाई कडाडल्या.

लोक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. त्यांच्या दृष्टीने टाकीत आज चांगलाच खेळ रंगला होता. शेवटी त्या उंच गृहस्थाच्या बायकोने विचारलं, "म्हणजे आता आम्हाला बघायला मिळणार नाही का?"

ती बाईंकडे तोंड करून बोलली, म्हणून बाईंना कळलं. आणि त्यांना एकाएकी वाटलं, आपण हे आधी का नाही केलं?

"मिळणार की. या इकडे. माझ्या जागेवर उभ्या राहा. कान असा लावा. डोळे मिटा, घाई करायची नाही, शब्द यायला जरा वेळ घेतो." मग त्या सोळा पावलं चालत पलीकडे गेल्या आणि गृहस्थाला म्हणाल्या, "तोंड जवळ न्या. काहीही बोला. तिकडे मी नाहीये, त्या आहेत."

गृहस्थाने भिंतीशी तोंड नेलं आणि श्वास घेतला. मग त्याची मान किंचित हलली. पलीकडे त्याच्या बायकोचे डोळे मिटलेले होते. ते तिने उघडले नाहीत. तिने फक्त कान काढून भिंतीला तोंड लावलं आणि काहीतरी बोलली, अगदी थोडं. सव्वीस वर्षांत टाकीत इतकी शांतता कधी झाली नव्हती, असं नंतर पुटपुटे सांगत. बाईंना त्यातलं काही सांगता आलं नसतं.

मॅडमनी निर्णय तिथल्या तिथे दिला. आवाज चढवला नाही. "आजपासून भिंतीशी हे उभे राहतील. बाई, तुम्ही वर छत्र्या बघाल? लेखी काय करायचं ते मी सोमवारी ठरवते."

"बघेन," बाई म्हणाल्या. पुटपुट्यांच्या काखेतल्या छत्र्या त्यांनी काढून घेतल्या. "मोठ्याने सांगायचं नसेल ते सांगायचं नाही," त्या त्यांना म्हणाल्या. "अशा वेळी पाऊस छान आहे म्हणायचं."

वर पावसाने नुसता उच्छाद मांडला होता. बाईंनी घोड्यावरच्या छत्र्या एकदा ओळीने लावल्या. सव्वीस वर्षं ज्या जागेवर त्या रोज उभ्या राहिल्या, ती आता त्यांची नव्हती. याचं वाईट वाटत होतं आणि ते वाटत राहणार होतं. तासाभराने तो गृहस्थ वर आला, आपली छत्री घेऊन दाराबाहेर उघडू लागला. मागोमाग त्याची बायको आली. तिने बिल्ला पुढे केला.

बाईंनी छत्री दिली नाही. तशीच हातात धरून त्यांनी विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणालाही विचारला नव्हता. विचारला असता तर पितळ उघडं पडलं असतं. बहीण बोलली तरी हो-हो, भाजीवाला बोलला तरी हो-हो. गृहस्थाच्या बायकोने काही उत्तर दिलं, पण ते खालच्या मानेने.

"मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

ती पुढे झाली. मागे रांग होती, दारात नवरा होता. तिने बाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. म्हणाले, मला भीती वाटतेय. तीन महिने झाले, घरात एका शब्दाने बोलले नव्हते."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?"

ती काहीतरी म्हणाली.

"काय?"

"मलापण," ती बाई न वैतागता, आणखी मोठ्याने म्हणाली. दारातल्या नवऱ्याने वळून पाहिलं. बाईंनी मान हलवली आणि तिची छत्री तिच्या हातात दिली.