ताण पन्नास पाउंडांचा

मी डावखुरं धनुष्य बोलतोय. लाकडाचं नव्हे हं! माझी मूठ अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही टोकांना चाकं आणि त्यांवरून फिरणाऱ्या दोऱ्या. या चाकांची गंमत अशी, की दोरी खेचताना सुरुवातीला दम निघतो, पण ती पुरती मागं आली की भार एकदम कमी होतो. मग शिकाऱ्याला नेम धरून थोडं थांबता येतं. तेवढ्यासाठीच तर आम्हांला चाकं बसवली, पण हे माणसांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

मोंटानातल्या बिटररूट खोऱ्यात, व्हर्ना क्विगलीच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होतो. डावखुऱ्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? शेजारची उजवी धनुष्यं येत आणि जात, आणि मी आपला धूळ खात बघत बसे. पुरुष येऊन सत्तर पाउंड ताणाचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं धनुष्य मागत, ते आधी आभाळाकडे रोखत, कुंथत कुंथत कसंबसं ओढत आणि लालबुंद चेहऱ्यानं म्हणत, "अगदी हलकं आहे!" जसं काही शिवधनुष्यच पेललं. मला हसू यायचं आणि जनावरांची कीवही यायची.

एका ऑगस्टात लॉर्ना आली. शाळेची बस चालवणारी, चाळिशीची बाई. बरोबर थोरला भाऊ ड्वाइट, तो पट्टीचा शिकारी. तिला यंदा पहिल्यांदाच धनुष्यानं एल्क मारायचा होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊच समजा.

"सत्तरच्या खाली बघायचंसुद्धा नाही," ड्वाइटनं फर्मावलं. "एल्क मारायचाय, ससा नाही."

लॉर्नानं उजवं धनुष्य कसंबसं ओढलं. बाण निशाण सोडून डावीकडच्या फळीत घुसला. दुसराही तिथंच, तिसराही.

"बसही अशीच वळवतेस का गं?" ड्वाइट खो खो हसला. लॉर्नाचे कान लाल झाले.

व्हर्नानं सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "तू गप रे जरा. लॉर्ना, हात लांब कर, दोन्ही पंज्यांची बारीक खिडकी कर आणि त्यातून माझं नाक बघ. दोन्ही डोळे उघडे ठेव." लॉर्नानं तसं केलं. खिडकीतून व्हर्नाला डावा डोळा दिसला. "अगं बाई! हात उजवा आणि डोळा डावा. उजव्या धनुष्यानं तुझा नेम कधीच बसायचा नाही."

तिनं मला खिळ्यावरून काढलं, पुसलं आणि माझा ताण पन्नासवर आणला. "खुर्चीत बस. आभाळाकडे न नेता, न कुंथता ओढ. जमलं तर हे तुझं."

लॉर्नानं डाव्या हातानं दोरी खेचली. कितीतरी वर्षांनी माझी चाकं फिरली. मी अक्षरशः मोहरून गेलो!

"पन्नास? पाळण्यावर बांध ते!" ड्वाइट म्हणाला.

"पन्नासचा बाण जागेवर लागला तर एल्कला पुरून उरतो," व्हर्ना म्हणाली.

"ठीक आहे. सीझन संपेपर्यंत या खेळण्यानं एल्क पडला नाही, तर हे परत द्यायचं आणि मी सांगेन ते घ्यायचं. कबूल?"

"कबूल," लॉर्ना म्हणाली. "पण दादा, एल्क मिळाला नाही तर मला चालेल. अर्धामुर्धा लागून पळाला, कुठंतरी झुरत मेला, तर ते मला नाही सोसणार."

झालं! माझं नशीब त्या पैजेला बांधलं गेलं.

सप्टेंबर सरला, ऑक्टोबर अर्धा झाला. रोज संध्याकाळी लॉर्ना गवताच्या गठ्ठ्यावर सराव करायची, सुटीला डोंगर चढायची. एल्क काही समोर आला नाही. शेवटचा दिवस उजाडला. ती फरच्या सूचिपर्णी झाडाआड गुडघ्यावर बसली, ड्वाइट मागं झुडपात बसून मादीचा आवाज काढू लागला.

खालून नराची आरोळी आली. मग फांदी मोडली. मग शिंगं दिसली. लॉर्नानं श्वास रोखून मला ओढलं, किंचितही आवाज न करता. नर चालत आला आणि नेमका तोंड समोर करून उभा राहिला. माझ्या नेमाचा ठिपका त्याच्या छातीवर थरथरत होता. समोरून हाडंच हाडं. तो वळला तरच फुफ्फुसं मिळणार.

वळ ना रे बाबा, वळ!

नर हलेना. लॉर्नाच्या दंडाला कंप सुटला. "सोड!" मागून ड्वाइट पुटपुटला. "अगं, सोड!" मलाही सुटायचं होतं, खोटं कशाला बोलू? पैज होती, शेवटचा दिवस होता, आणि बाण सुटला नाही तर मी पुन्हा खिळ्यावर जाणार होतो. दोरी तिच्या गालाला टेकली होती. तिचं बोट दोरी सोडायच्या चापावर गेलं, तिथंच थांबलं आणि बाजूला झालं.

तिनं हळूहळू मला सैल केलं. नर फुरफुरला, टेकाड चढून दिसेनासा झाला.

ड्वाइट तरातरा आला. "पुढ्यात उभा होता! झोपली होतीस का?"

"वळला नाही रे. हाडात गेला असता."

"मग वळेपर्यंत धरायचं!"

"धरलं की. जेवढं झेपलं तेवढं धरलं."

ड्वाइट तिथंच एका ओंडक्यावर बसला. म्हणाला, "गेल्या वर्षी माझा नेम चुकला म्हणून सांगितलं ना सगळ्यांना? चुकला नव्हता, बाण लागला होता. असाच समोर उभा होता. सत्तर पाउंड, हात भरून आले, धरवेना. सोडून दिला. पार कड्यापर्यंत रक्त होतं, पुढं काहीच नाही." लॉर्ना त्याच्या शेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आली. दुकान गच्च भरलेलं, सगळे ओळखीचे. लॉर्नानं मला काउंटरवर ठेवलं, शब्द म्हणजे शब्द. मी वर खिळ्याकडे बघायचं टाळत होतो.

"काय रे, जिंकलास?" कुणीतरी ओरडलं.

ड्वाइटनं मला उचललं आणि लॉर्नाच्या हातात परत दिलं. मग स्वतःचं धनुष्य काउंटरवर ठेवलं. "व्हर्ना, याचा ताण उतरव."

व्हर्नानं पाना हातात घेतला. "कितीवर आणू?"

"धरून थांबता येईल इतका," ड्वाइट म्हणाला. मान खाली होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

माझ्या नावावर अजून एकही एल्क नाही. संध्याकाळ झाली, की लॉर्ना मला घेऊन गठ्ठ्यासमोर उभी राहते, ओढते आणि नुसती धरून थांबते. पुढचा सप्टेंबर येईल तेव्हा येईल. तुम्ही कधी पहिलं धनुष्य निवडायला गेलात, तर एवढं ऐका माझं. मला ओढून दाखवू नका कुणाला. ओढून थांबून बघा. थांबवत नसेल, तर खुशाल मला परत टांगा. मला खिळ्याची सवय आहे, पण त्या कड्यावर कुणीतरी रक्त शोधत फिरावं, हे मला बघवणार नाही.