टकलावरची पेरणी

मंगळवारी दुपारी बाबा जेवायला घरी आले आणि हात पुसता पुसता त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"डॉक्टरीणबाई, जरा वाचा."

लेक औषधाच्या दुकानात काम करायची, तेवढ्यावर बाबांनी तिला ही पदवी बहाल केली होती. कागद केस लावून देणाऱ्या दवाखान्याचा होता. बाबांचं स्वतःचं सलून होतं आणि डोक्यावर कानामागच्या झालरीपलीकडे काही नव्हतं. गिऱ्हाइकं म्हणायची, "आधी आपल्या माळावर पेरणी करा, मग आमची कापणी करा." सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे. पण गेल्या महिन्यात ते गुपचूप चौकशी करून आले होते.

तिने कागदावरून नजर फिरवली. भीती वाटली की तिचा आवाज कोरडा व्हायचा, तसा झाला.

"मागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात. सात-आठ तास पडून राहायचं. सूज येते, जखमा चिघळू शकतात, कातडी कित्येक महिने बधिर राहते. एवढं करून केस धरतीलच असं नाही. हे झालं धडधाकट माणसाचं. तुमच्या हृदयात बनावट झडप आहे."

"म्हणून तर विचारतोय."

"रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवली तर रक्त लवकर थांबणार नाही. बंद केली तर झडपेवर गुठळी धरेल. इकडे आड, तिकडे विहीर."

"मी कधी तक्रार केलीय का?" आई मध्येच म्हणाली. "उन्हात चमकतं, गर्दीत पटकन सापडतं."

बाबा हसले, पण लेकीकडेच बघत राहिले. "तुझं मत काय?"

"तुमचं डोकं, तुम्ही बघा," ती म्हणाली आणि चप्पल घालून कामाला गेली.

बुधवारी सकाळी बाबांनी सलून उघडलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, यापलीकडे कुणाला काही सांगता आलं नाही.

आठवड्याने त्यांचे कपडे आवरताना तोच कागद तिच्या हाती आला. मागची बाजू तिने त्या दिवशी उलटलीच नव्हती. तिथे तारीख होती, गुरुवारची. खाली सूचना होती: रक्त पातळ करणारी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून पाच दिवस आधी बंद करावी. त्या ओळीखाली बाबांची पेन्सिल फिरली होती.

तिने बोटांवर मोजलं. म्हणजे शनिवारपासून. बाबांनी मत विचारलं, तेव्हा गोळी आधीच थांबली होती की काय? आठवड्याच्या गोळ्यांची डबी ती स्वतः भरायची. पण मदतीला आलेल्या मावशीने उरल्यासुरल्या गोळ्या फेकून ती डबी घासूनपुसून पालथी घातली होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं. तिने हे आईलाही सांगितलं नाही. घास तोंडात फिरायचा, पण गिळवत नव्हता.

कागद सापडल्यावर चौथ्या दिवशी ती त्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर टोप्या घातलेले पुरुष एकमेकांची नजर चुकवत बसले होते. डॉक्टरांनी बाबांचं नाव ऐकताच फाइल काढली.

"मंगळवारी संध्याकाळी आले होते. मी स्पष्ट नाही म्हटलं. केसांसाठी झडपवाल्याची गोळी मी थांबवणार नाही. त्यांना तारीख मिळायलाच नको होती. ती आमची चूक."

"पण त्यांनी आधीच बंद केली असेल तर?"

"मलाही तीच धास्ती. म्हणून लगेच रक्त तपासलं. हा घ्या रिपोर्ट."

रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा होता दोन पूर्णांक आठ. या आकड्याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गोळी तीन दिवस चुकली असती तर तो दीडच्या आसपास उतरला असता. रक्त हवं तेवढंच पातळ होतं. तिने आकडा दोनदा वाचला, तारीख वाचली, आणि खुर्चीत बसली.

"मी विचारलंही त्यांना," डॉक्टर म्हणाले. "तर म्हणाले, 'बंद कशी करीन? लांबसडक केस कापायला कुणी आलं की मी दोनदा विचारतो, वर घरी जाऊन उद्या या म्हणतो. कापलेलं परत चिकटत नाही. इथे तर माझ्या घरून एकदाही हो आलेलं नाही.'"

"नाराज झाले होते?"

"छे! उठताना म्हणाले, 'सुटलो बुवा! गिऱ्हाइकांना सांगायला बरं, डॉक्टरच नाही म्हणाले.'"

तिला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग इतके दिवस अडलेलं रडूही. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बाहेर पायरीवर येऊन तिने छाती भरून श्वास घेतला. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. कडकडून भूक लागली होती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. आत शिरणारा एक टोपीवाला थबकला. तिने त्याची पर्वा केली नाही. "नका करू, असं म्हणायचं होतं मला. तुम्ही जाल या भीतीने तेवढंच तोंडातून निघालं नाही. मला तुम्ही हवे होतात, बाबा. होतात तसेच."