तेलुगू अक्षरांतली भजनं

हिम्मतराव साळवे हल्ली सकाळच्या प्रार्थनेत ज्या गोष्टींसाठी देवाचे आभार मानतात, त्यांत सुनेच्या एका उद्योगाचाही नंबर लागतो. वर्षभरापूर्वी हाच उद्योग, दोन दिवस का होईना, त्यांच्या तक्रारींत सगळ्यात वर होता. देवाने दोन्ही निमूटपणे ऐकून घेतलं, हा त्याचा मोठेपणा.

सिकंदराबादेतल्या एका जुन्या चर्चमध्ये सकाळी इंग्रजी आणि तेलुगू उपासना होतात, आणि दुपारी तीनला, भर उन्हात, मराठी. रेल्वेच्या नोकरीसाठी जालन्याकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती सुरू केली होती. हिम्मतरावांचे वडील नागोराव तिथे पेटी वाजवत आणि भजनं रचत. त्यांच्यामागे पेटी हिम्मतरावांकडे आली, त्याला एकतीस वर्षं झाली. पेटीबरोबर त्यांनी एक नियमही आणला: पुढे उभं राहून गायचं, तर भजनांच्या वहीतलं मराठी घडाघडा वाचता आलं पाहिजे. ऐकून पाठ केलेलं चालणार नाही.

नियमात काही खोट नव्हती, फक्त तो पाळायला कुणी उरलं नाही. मुलं नारायणगुड्याच्या शाळांत इंग्रजी-तेलुगू शिकणारी. शाळेतल्या हिंदीच्या पुण्याईवर अक्षरं कशीबशी लावत, पण चाल पुढे जाई आणि ती मागच्याच ओळीत अडकलेली. हिम्मतराव पेटी थांबवून डोळे वटारत. असं दोन-चारदा झालं आणि मुलांना रविवारी दुपारी झोप येऊ लागली. मुलांपाठोपाठ त्यांच्या आयांनाही.

डिसेंबरात पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "हिम्मतराव, चौदा माणसं येतात. ईस्टरपर्यंत वाट बघू, असं कमिटी म्हणते. नाहीतर मराठी उपासना बंद करावी लागेल."

हिम्मतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून ते रोज प्रार्थना करू लागले, "प्रभू, माझ्या वडिलांची उपासना वाचव." आणि ती कशी वाचवायची, तेही देवाला सविस्तर सांगू लागले. जालन्याहून तीन-चार कुटुंबं पाठव. त्यांत एखादा चांगलं वाचणारा पोरगा असू दे. सदतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात लोकांना कामं नेमून दिलेली, ती सवय कुठे जाणार?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते फिरून नल्लकुंट्याच्या घरी परतले, तर आतून नागोरावांचं भजन ऐकू आलं. दहा-बारा मुलं फरशीवर बसून गात होती, त्यांत त्यांची नात रेणूही होती. मध्ये घरच्या पेटीवर त्यांची सून गीता. ती वरंगलकडची, तेलुगू घरातली. मराठी लग्नानंतर कानाने शिकलेली. प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स होती आणि तिच्यावर सगळी तेलुगू अक्षरं.

"हे काय चाललंय?"

"मामय्या, अक्षरं तेलुगू हैत, पण शब्द मराठीच हैत," गीता म्हणाली. "एक बी शब्द बदलला नाही. वाचून बघा तर."

"मला कुठे वाचता येतं हे?"

"हां, मामय्या," ती शांतपणे म्हणाली. "पोरांचं बी तसंच होतं."

सहासष्ट वर्षं या शहरात काढलेला माणूस, अजून नंबर बघूनच बस पकडणारा. बोलणं वर्मी लागलं. त्यांनी सगळे कागद गोळा केले आणि आपल्या कपाटात ठेवून दिले. मुलं चपला घालून निघून गेली. गीता स्वयंपाकघरात गेली आणि दोन दिवस गरजेपुरतंच बोलली. त्या रविवारी उपासनेला अकरा माणसं होती.

सोमवारी सकाळी हिम्मतराव नेहमीसारखे डोळे मिटून बसले. "प्रभू, माझ्या वडिलांची उपासना वाचव," म्हणाले आणि पुढे शब्दच सुचेनात. डोळ्यांसमोर वाचवलेली उपासना आली. चर्च भरलेलं, आणि मधोमध पेटीवर ते स्वतः. देवाने मुलं घरी आणून बसवली होती, ती यांनी घालवून दिली होती. त्यांना लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि रडू फुटलं.

"उपासना तुझी आहे," शेवटी ते म्हणाले. "पेटीही तुझीच. मी उगाच धरून बसलोय. तुला हवं तसं कर, मला विचारू नकोस."

हे बोलल्यावर त्यांना भीती वाटायला हवी होती, पण हलकं वाटलं. त्यांनी कागद काढले आणि स्वयंपाकघरात गेले.

"मुलांना परत बोलाव, गीता. चुकलं माझं. पेटीवरही तूच बस."

गीताने हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली. "मग तुमी?"

"मी बसेन की बाकावर. लोक बसतात तसा."

ईस्टरच्या दुपारी मुलं आली आणि मुलांमागे त्यांचे आईबाप आले. उपासनेला येणं कधीच सोडलेल्या कुसुमताई इतक्या वर्षांनी मुलगा, सून, नातवंडं घेऊन आल्या. मागच्या बाकांवरची धूळ आयत्या वेळी पुसावी लागली. पाळकसाहेब दारातच हिम्मतरावांचा हात धरून म्हणाले, "कमिटीला काय सांगायचं, ते मी बघतो. तुम्ही निवांत बसा."

गीताने सूर धरला. "उचलून घे गाठोडं माझं, मला न पेलवे आता." नागोरावांचे शब्द मुलांच्या तोंडून जसेच्या तसे येत होते. एक मुलगा दुसऱ्या कडव्यात चुकला, हसला आणि पुढे गात राहिला. हिम्मतराव हलले नाहीत. एकतीस वर्षं पेटीवर बसून या भजनात त्यांनी फक्त चुका ऐकल्या होत्या. आपल्या बापाने काय मागितलं होतं, ते आज पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडत होतं.

"आजोबा, गा ना," रेणूने पुढच्या रांगेतून मागे वळून खुणावलं.

"थांब बाळा," डोळे पुसत ते म्हणाले. "जरा ऐकू दे."