चिमूटभर धूप

"ही चिठ्ठी चालायची नाही, सोतासबाबा," दियोस म्हणाला. बिशपांचा हा कारभारी दारातच आडवा उभा होता. "शिक्का कुठाय?"

"शिक्का?" उजवा डोळा होता तिथल्या खळग्यावर सोतासने बोट ठेवलं. "हा बघ. कैसरच्या माणसांनी तापल्या सळईनं मारलाय. पुरे का?"

"बाबा, तुम्ही पण ना!"

छळ सोसून परतलेल्याने, भीतीपोटी श्रद्धेतून पडलेल्याला क्षमेची चिठ्ठी द्यावी, ही ख्रिस्ती मंडळींची जुनी रीत. सोतासने ती आपल्या बायकोसाठी लिहिली होती. तेकुसाला जाऊन चाळीस दिवस झाले होते. रविवारी मृतांची नावं वाचतात, त्यांत तिचं नाव यावं, एवढंच त्याचं मागणं. आजचा हा तिसरा हेलपाटा.

"तेकुसाबाईंनी कैसरच्या मूर्तीपुढे धूप घातला होता," दियोस म्हणाला.

"चिमूटभर! मी खाणीत कैदी. धूप घातल्याशिवाय माझी शिदोरी तिकडच्या उंटावर चढू देत नव्हते."

ती भाकरी सात दिवस वाळवंट तुडवायची आणि सातव्या दिवशी दगड व्हायची. दगड फोडणाऱ्याने दगडच चावायचा, त्यात तिच्या हाताची चव शोधायची. त्या चवीवर तो जगला.

"आणि छळाच्या दिवसांत बिशपांनी धर्माच्या पोथ्या शिपायांच्या हवाली केल्या, त्यांना रे कुणाची चिठ्ठी लागली?"

"हळू बोला!" दियोसने मागे पाहिलं. "काळ बदललाय. आता कैसरच ख्रिस्ती झालाय, आपला आहे. अशी घरच्या घरी क्षमा वाटून कसं चालेल?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "असं करा, रविवारी सुभेदार येताहेत प्रार्थनेला. पुढच्या आसनावर बसा. तुमचा डोळा बघू दे त्यांना. मग घालतो बिशपांच्या कानावर."

"म्हणजे डोळा चालतो, चिठ्ठी चालत नाही?"

दियोसने दार लोटून घेतलं.

रविवारी सोतास पुढे जाऊन बसला. आशा भल्याभल्यांना बसवते. सुभेदार आला, वाकला आणि सगळ्यांसमक्ष त्याने त्या खळग्याचं चुंबन घेतलं. लोक गहिवरले. बिशपांनी डोळे टिपले. मग नावं वाचली गेली. सोतास मान पुढे काढून ऐकत राहिला. शेवटचं नाव झालं. तेकुसा त्यात नव्हती.

तो उठला. डाव्या पायाची शीर खाणीत कापलेली. तो पाय फरशीवर फरफटवत तो मधल्या वाटेने दाराकडे निघाला.

"अहो बाबा," दियोस कुजबुजत मागे धावला, "सुभेदार बघताहेत!"

"बघू दे की. त्यासाठीच बसवलं होतंस ना?"

बाहेर, उन्हात, पडलेली माणसं उभी होती. प्रायश्चित्त म्हणून बारा वर्षं त्यांना आत मनाई. "मुदत पुरी करीन, माझ्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडू नका," तेकुसा म्हणायची. नऊ वर्षं ती इथे उभी राहिली, आणि तो आत बसला.

सोतास त्यांच्यात जाऊन उभा राहिला. एका म्हातारीने भिंतीलगतची सावलीची चिंचोळी पट्टी त्याला सोडली आणि ती उन्हात सरकली.