बारा पूर्णांक चार

"बारा पूर्णांक चार!" डॉक्टर इबार्रांनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून वाचलं आणि खुशीत मान डोलावली. "आणखी काय हवंय तुम्हाला, बाई? इथल्या पुरुषांचं हिमोग्लोबिन वीस-बाविसावर जातं. रक्त काकवीसारखं घट्ट होतं, मग मला त्यांना डोंगराखाली पाठवावं लागतं. तुमचं बघा, अगदी पुस्तकातल्यासारखं."

सेनोबिया यौरी खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. उंच डोंगरातल्या 'पुकाकोचा' या खाणीचा दवाखाना छावणीच्या भटारखान्यापासून जेमतेम दोनशे पावलांवर. तेवढं अंतर चालून यायला ती तीनदा थांबली होती. तिसऱ्यांदा तर भिंतीला हात लावून.

"मग दम का लागतो मला? जिना चढले की छातीत ढोल वाजतो."

"वय किती तुमचं?"

"त्रेचाळीस."

"मग झालं तर! आता काय विशीतल्यासारखं धावणार आहात?" डॉक्टरांनी कागद तिच्याकडे सरकवला. "इथे छापलंय बघा. बायकांसाठी बारा ते सोळा. तुम्ही त्यात बसता." खाली त्यांनी 'कामास योग्य' असं लिहिलं, शिक्का मारला आणि दारातल्या पुढच्या माणसाला हाक मारली. माणूस वाईट नव्हता. समुद्राकडच्या सखल पिउराच्या उन्हातून आठ महिन्यांपूर्वी इथे आला होता. पहिला महिनाभर इथल्या उंचीनं डोकं धरून बसायचा, तेव्हा सेनोबियानंच त्याला कोकाच्या पानांचा काढा करून पाठवला होता.

भटारखान्यात ग्रिमाल्दो तिची वाटच बघत होता. तिथला मुकादम तो. कागद हातात घेऊन त्यानं चारचौघींना ऐकू जाईल असा वाचला.

"कामास योग्य! ऐकलंत? म्हणजे दुखणं काही नाही, नुसता आळस आहे. सेनोबिया, महिनाअखेरपर्यंत पूर्वीसारखे टोप उचललेस तर राहा. नाहीतर रस्ता मोकळा आहे."

"अकरा वर्षं माझ्या हातचं खातोयस, ग्रिमाल्दो," ती म्हणाली. "आळशी बाईच्या हातचं खाऊन एवढं पोट सुटत नाही."

बायका फिदीफिदी हसल्या. ग्रिमाल्दोचे कान लाल झाले. सेनोबिया ताठ मानेनं कोठाराच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसली. हात नकळत तांदळाच्या कणगीत गेला आणि मूठभर कच्चे तांदूळ तिनं तोंडात टाकले. ही खोड तिला वर्षभरापूर्वी लागली होती. कुणी पाहिलं तर लाज वाटायची, पण राहवत नसे.

कागदावर तिचा विश्वास बसला नव्हता. तो छापील होता, तिचं शरीर तर तिचंच होतं. रविवारी सुट्टी मिळाली तशी ती खालच्या गावात ओतिलियाकडे गेली. ओतिलिया सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासायची. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या. पुढे ओतिलिया वान्कायो शहरात जाऊन प्रयोगशाळेचं शिकली आणि सेनोबिया चुलीपाशी गेली.

ओतिलियानं कागद बघितलाच नाही. आधी तिची खालची पापणी ओढून पाहिली, मग बोटं हातात घेतली.

"नखं बघ तुझी. चमच्यासारखी खोलगट झालीत, रक्त कमी पडलं की होतात तशी. आणि कच्चं काय खातेस? माती की तांदूळ?"

सेनोबियानं हात मागे ओढून घेतला.

"तांदूळ," ओतिलियाच म्हणाली. "अंगावरून जास्त जातंय का?"

आता मात्र सेनोबियानं मान खाली घातली. "दीड वर्ष झालं. बारा-बारा दिवस थांबत नाही. गाठी पडतात."

"दीड वर्ष अंगावर काढलंस? डॉक्टरला सांगितलं नाहीस?"

"त्यानं विचारलं नाही. आणि कसं सांगू गं? डॉक्टर पुरुष, मुकादम पुरुष, दाराबाहेर रांगेत उभे ते सगळे पुरुष. दार तर कधी लागतच नाही त्या खोलीचं."

मग ओतिलियानं कागद उचलला आणि तो वाचता वाचता तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. "हे बारा ते सोळा कुठलं, माहीत आहे? समुद्राकाठच्या बायकांचं. तिकडच्या शहरातल्या यंत्रानं जे छापलं, ते यानं तसंच वाचलं."

"रक्त रक्तच ना? ते काय डोंगर बघून बदलतं?"

"बदलतं. तू सार पातळ केलंस तर माणसाचं पोट भरायला वाट्या जास्त लागतात की नाही?"

"लागतात."

"इथली हवा पातळ आहे. चार हजार तीनशे मीटरवर आहात तुम्ही. हवेतला प्राण रक्त वाहून नेतं, आणि त्याच्या वाट्या म्हणजे हे हिमोग्लोबिन. हवा पातळ, म्हणून वाट्या जास्त हव्यात. आपलं अंग आपण होऊन त्या वाढवतं. इथे बाईचं निदान पंधरा तरी हवं. तुझ्या बारातून या उंचीचे तीन वजा कर, मग उरेल ते खरं."

सेनोबियानं बोटांवर मोजलं. "नऊ. आणि वर थोडं."

"समुद्राकाठच्या बाईचं नऊ आलं असतं, तर हाच डॉक्टर खुर्चीतून उठला असता. थांब, चिठ्ठी लिहून देते त्याला."

"चिठ्ठी नको." सेनोबियानं तिच्या हातातलं पेन बाजूला केलं. "तुझी चिठ्ठी तो टोपलीत टाकेल. मला परत सांग. मी बोलेन."

ओतिलियानं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सेनोबियानं तिला सांगितलं, न अडखळता.

सोमवारी न्याहारी आटोपल्यावर ती दवाखान्यात गेली. रांगेत सात-आठ खाणकामगार होते. त्यांतल्या म्हाताऱ्या फाउस्तिनोनं सरकून जागा दिली. "ये मावशी, तू आधी जा. तुझं उरकलं की आम्हाला जेवण वेळेवर मिळेल."

डॉक्टर इबार्रा तिला पाहून कंटाळले. "परत तुम्ही? बाई, तुमचं रक्त चांगलं आहे म्हणून सांगितलं ना मी?"

"तुमचं किती आहे, डॉक्टरसाहेब?"

"काय?"

"तुमचं हिमोग्लोबिन. किती?"

डॉक्टर हसले. "साडेचौदा. इथे येण्याआधी तपासलं होतं."

"ते पिउरातलं झालं. आजचं किती? टेबलावर ते छोटं यंत्र आहेच. टोचा की बोट. आमचं रोज टोचता."

"टोचा, टोचा!" मागून फाउस्तिनो ओरडला. "सुईला घाबरता की काय?"

आता हसून मागे फिरणं डॉक्टरांना जमेना. त्यांनी बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. यंत्र थोडा वेळ विचार करत बसलं. मग आकडा उमटला आणि डॉक्टरांनी तो वाचायच्या आतच सेनोबियानं पुढे वाकून वाचला.

"सतरा पूर्णांक नऊ."

"आठ महिन्यांत जवळजवळ साडेतीन चढलात तुम्ही," ती म्हणाली. आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. "तुमच्या अंगाला कळलं, इथली हवा पातळ आहे. मी तर इथेच जन्मले. माझी आई इथली, आजी इथली. मग मी समुद्राकाठच्या बाईच्या मापानं कशी काय बरोबर? आपल्या दोघांत टोप कोण उचलतं, साहेब?"

डॉक्टर यंत्राकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "उंचीची वजाबाकी..." आणि थांबले. मग हळू आवाजात, "शिकलो होतो मी हे. इथे आल्यापासून मी फक्त जास्त रक्तवाले शोधत होतो. कमी कुणाचं असेल हे डोक्यातच आलं नाही." ते दार लावायला उठले. "रक्त कुठे जातंय तुमचं, बाई?"

"राहू द्या दार उघडं," सेनोबिया म्हणाली. दीड वर्ष जे तिनं पोटात ठेवलं होतं ते ती दाराकडे तोंड करूनच बोलली. "अंगावरून जातंय. दर महिन्याला बारा दिवस, गाठींसकट. आळस नाहीये तो. ग्रिमाल्दो भेटला तर सांगा त्यालाही."

तरण्या पोरांनी बुटांकडे पाहिलं. फाउस्तिनोनं मात्र टोपी काढली. "माझी बायको अशीच गेली," तो म्हणाला. एवढंच.

डॉक्टरांनी वान्कायोच्या इस्पितळासाठी कागद तयार केला. 'कामास योग्य' त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं. ग्रिमाल्दोनं ते पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "जा खुशाल. पण तुझी जागा मी धरून ठेवणार नाही."

"धरू नकोस. मी येऊन मागून घेईन."

ती जायच्या आधी भटारखान्यातल्या नऊ जणी दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीनं आपला आकडा मोठ्यानं वाचायला लावला आणि तीन वजा केले. चौघींचा कमी निघाला. छापील अहवालांवरची 'बारा ते सोळा' ही ओळ डॉक्टर आता पेनानं खोडत असत.

इस्पितळात सेनोबियाच्या पोटात नारळाएवढी गाठ निघाली. आधी दोन बाटल्या रक्त चढवलं. पहिल्या बाटलीनंतरच तिच्या ओठांना रंग आला आणि कच्च्या तांदळाची वासना गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ वाढत आलीय, पिशवीसकटच काढावी लागेल. सेनोबिया भिंतीकडे वळून निजली. त्याच पिशवीत तिची दोन लेकरं वाढली होती. थोरली लीमात शिवणकाम करत होती. दुसरं तीन दिवसांचं होऊन गेलं होतं. त्याला या पिशवीखेरीज दुसरं घर कधी मिळालंच नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स कागद आणि शाईची डबी घेऊन आली. ढकलगाडी दाराशी लागली होती. सेनोबियाच्या डोंगरी बायकांसारख्या दोन वेण्या आणि भाजलेले हात बघून नर्सनं डबी पुढे केली. "अंगठा लावा, मावशी. इथे."

"आधी वाचते."

"अहो, सगळे आत थांबलेत. नेहमीचाच कागद आहे तो."

"तुमचा नेहमीचा. माझा पहिलाच आहे."

शेजारी बसलेल्या ओतिलियानं तिला चष्मा दिला. सेनोबियानं ओळीखाली बोट धरलं आणि वाचू लागली, ओठ हलवत, एकेक शब्द. ढकलगाडीवाल्यानं भिंतीला पाठ टेकली. आतून कुणीतरी डोकावून गेलं. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"गर्भाशय. म्हणजे पिशवीच ना?"

"हो," नर्स म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता.

बोट त्या शब्दावर थोडं जास्त रेंगाळलं. मग पुढे सरकलं, शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. सेनोबियानं पेन मागितलं आणि वडिलांचं आणि आईचं अशा दोन्ही आडनावांसकट आपलं पूर्ण नाव लिहिलं.

शाईची डबी नर्सनं न उघडताच परत नेली.